गेमिंग पीसी जुळवताना आधी स्क्रीन ठरवा, मग भिंतीतला प्लग बघा

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. अकोल्यात छोटं दुकान आहे. पंखे, कूलरच्या मोटारी, शेतातले पंप भरून देतो. कॉम्प्युटरशी संबंध बिल छापण्यापुरता. २०२३ मध्ये पोरीनं हट्ट धरला म्हणून एका दुकानातून ‘आय-सेव्हन गेमिंग सेट’ उचलला. पुढे काच, आत रंग बदलणारे पंखे, घर नुसतं लग्नाच्या मांडवासारखं उजळलं. पुढच्या मे महिन्यात एका संध्याकाळी घरातला कूलर सुरू झाला आणि कॅबिनेटमधून फट्ट आवाज आला. जळक्या वार्निशचा वास मला नवा नाही. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज पीसीला पुरवणारा डबा, गेला होता, आणि जाताना मदरबोर्डला सोबत घेऊन गेला.

तो मेलेला डबा मी दुकानात टेबलावर उघडला. वर स्टिकर ४५० वॅटचं. आत ट्रान्सफॉर्मर पेढ्याएवढा. मेनचा करंट आत येतो तिथे फिल्टरच्या कॉइलची जागा बोर्डावर छापलेली होती, पण कॉइल नव्हतीच. तिथे तारेचे दोन तुकडे टाकून सरळ डाग दिलेला. माझ्याकडच्या पोरानं असं काम केलं असतं तर त्याला मी दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हटलं असतं. (तुम्ही मात्र घरी हा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो.)

आणि तो आय-सेव्हन? तिसऱ्या पिढीचा निघाला, एच६१ नावाच्या तितक्याच जुन्या मदरबोर्डावर बसवलेला, सोबत जीटी ७३० ग्राफिक कार्ड. ते कार्ड २०१४ साली बाजारात आलेलं. नुसतं ‘आय-सेव्हन’ म्हणजे नुसतं ‘बोलेरो’ म्हटल्यासारखं आहे. कोणत्या सालची ते विचारा. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझी पोरगी व्हॅलोरंट खेळते. विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. म्हणजे ज्यासाठी पीसी घेतला, तेच त्याच्यावर धड चाललं नसतं.

मार्च २०२५ मध्ये दुसरा पीसी आम्ही दोघांनी मिळून जुळवला. जो तो सुरुवात प्रोसेसरपासून करतो. मी तसं केलं नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक मोटार घेऊन येतं तेव्हा मी आधी दोनच गोष्टी विचारतो, लोड काय आणि सप्लाय काय. तारेचा गेज त्यानंतर. पीसीचं लोड म्हणजे स्क्रीन आणि गेम. सप्लाय म्हणजे भिंतीतला प्लग.

स्क्रीनचं गणित सोपं आहे. १०८० पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २१ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे ३७ लाख. ४के म्हणजे ८३ लाख, पहिल्याच्या बरोब्बर चौपट. ग्राफिक कार्डाला दर सेकंदाला हे सगळे ठिपके साठ, शंभर, १४४ वेळा रंगवायचे असतात. आम्ही २४ इंची, १०८० पी, १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर धरला. १४४ म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं, म्हणजेच फ्रेम. व्हॅलोरंटसारख्या गेमला मोठ्या स्क्रीनपेक्षा वेगवान स्क्रीनचा फायदा जास्त. साठ हर्ट्‌झच्या जुन्या मॉनिटरवर भारी कार्ड लावलंत तर कार्ड दोनशे फ्रेम काढेल, मॉनिटर साठच दाखवेल. पाच एचपीची मोटार अर्ध्या इंची पाइपाला जोडल्यासारखं होतं ते.

मॉनिटर ठरला की ग्राफिक कार्ड आपोआप ठरत येतं. मॉनिटर सोडून जे बजेट उरतं, त्यातल्या शंभरातले पस्तीस ते चाळीस रुपये इथे गेले तर हरकत नाही. आम्ही आरटीएक्स ४०६० घेतलं, ८ जीबी मेमरीचं. माझा कल त्याकडे का झाला सांगतो: ते ११५ वॅटचं आहे. त्या वेळी जवळपास त्याच तोडीचं आरएक्स ७६०० होतं १६५ वॅटचं. पन्नास वॅट म्हणजे काय मोठं, असं पुण्याचा माणूस म्हणेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो. कार्ड खोलीच्या तापमानापेक्षा जितकं वर तापतं, तितकं ते वरच तापणार. खोलीच दहा अंश गरम असेल तर कार्डही साधारण तितकंच जास्त गरम. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात राहणाऱ्यानं कार्ड किती वॅटचं ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आज घेत असाल तर ४०६० ची जागा ५०६० नं घेतली आहे, ते १४५ वॅटचं. १४४० पी वर खेळायचं असेल तर मात्र ८ जीबीवर थांबू नका, १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी बघा. नुसत्या जीबीला भुलू नका हेही आलंच. आमचं ते जुनं जीटी ७३० चार जीबीचं होतं. जीबी म्हणजे गोडाऊन. गोडाऊन मोठं आणि हमाल एकच, तर माल हलत नाही.

आता माझ्या आवडीचा विषय, एसएमपीएस.

बेरीज करा. कार्ड ११५, प्रोसेसर ऐन जोरात असताना ७५-८०, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास धरा. अडीचशेच्या आत. ४०६० साठी ते बनवणारी एनव्हीडिया स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, आम्ही तेवढाच घेतला. डबल वॅट कशाला, असं पोरीनं विचारलं. मोटारसुद्धा कायम फुल लोडवर चालवली की लवकर जळते, आणि कार्ड क्षणभर झटका मारून जास्त ओढतं, त्याला जागा हवी. पण आकड्यापेक्षा खात्री मोठी. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्याच्या वरचा छाप (वीज कमी वाया जाते याची खूण), पाच वर्षांची वॉरंटी, आणि स्टिकरवर १२ व्होल्टच्या लाइनवर किती अँपियर ते वाचा. ५५० च्या डब्याला १२ व्होल्टवर ४५ अँपियरच्या आसपास हवेत. बाराला गुणा, ५४० येतात, हिशेब जुळला. एकूण आकडा ४५० आणि १२ व्होल्टवर १८ अँपियर असं दिसलं तर डबा परत ठेवा. हातात घेऊन वजन बघा. हलका डबा आतून रिकामा असतो. मागे ११५/२३० चं लाल बटण असलेला जुना प्रकार तर घेऊच नका. घरात कुणी लहान पोरानं ते ११५ वर सरकवलं की तुमच्या २३० वर तो तिथेच फुटतो. चांगले डबे १०० ते २४० व्होल्ट आपणहून पेलतात.

डबा कितीही चांगला घ्या, त्याच्यामागे अर्थिंग नसेल तर निम्मं काम राहिलं. कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात, अशी तक्रार खूप लोक करतात आणि पीसी खराब आहे समजतात. पीसी ठीक असतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर असतात. त्यांची गळती अर्थमधून जमिनीत जायला हवी. अर्थच नसेल तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. वायरमनकडून मीटर लावून घ्या: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे दिसले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणजे मागे अर्थची तार आहे असं नसतं. माझ्याच घरी बेडरूमच्या सॉकेटमध्ये तिसऱ्या भोकाला काहीच जोडलेलं नव्हतं. आता सुताराच्या घरी खुर्ची मोडकी असते म्हणतात, त्यातलाच प्रकार.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॅट यांची गल्लत करू नका. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आमचं मॉनिटरसकट पावणेतीनशे, तेव्हा चाललं असतं, पण लाइट गेल्यावर गेम बंद करून शांतपणे शटडाऊन करायला वेळ मिळावा म्हणून १००० च्या वरचा घेतला. घरातल्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर त्याच्यामागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर लाइट जाताना पीसी झटक्यात रीस्टार्ट होईल. उन्हाळ्यात संध्याकाळी गल्लीत सगळे कूलर एकदम लागतात तेव्हा आमच्याकडे मीटर १९० पर्यंत खाली येतो. ते सांभाळायला व्होल्टेज वर-खाली करून घेणारा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस बरा.

प्रोसेसर, बोर्ड, रॅमबद्दल फार घोळ घालत नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सहा कोर, बी५५० बोर्ड, डीडीआर४ रॅम. हे एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, आता म्हातारं झालंय, पुढे त्यात वाढवायला जागा थोडी. आम्हाला स्वस्तात बसत होतं म्हणून घेतलं. पैसा हाताशी असेल तर एएम५ वर ७६०० घ्या, चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. पण त्याला डीडीआर५ च लागते, डीडीआर४ ची पट्टी त्या खाचेत बसतच नाही. ५६०० ला, किंवा इंटेलच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरला, स्वतःचा डिस्प्ले नसतो. ग्राफिक कार्ड नंतर घेऊ म्हणाल तर पडद्यावर काळोख. रॅम १६ ची एक पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव असे काही चढले, की आमच्या बिलातली रॅमची ओळ पाहून आता बरं वाटतं. एसएसडी, म्हणजे गेम साठवायची डिस्क, १ टीबीची, वेगवान एनव्हीएमई प्रकारची. एकटा रेड डेड रिडेम्प्शन २ च १५० जीबी मागतो.

कॅबिनेटला पुढे काच नको, जाळी हवी. पुढून हवा आत, मागून बाहेर. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघा आणि कॅबिनेटच्या माहितीत ते बसतं का ते ताडा. आणि वऱ्हाडातल्या लोकांसाठी दोन गोष्टी, ज्या कुठल्याच व्हिडिओत मला सापडल्या नाहीत. पीसी कूलरच्या झोतात ठेवू नका; त्या हवेत पाणी असतं, ते बोर्डावर बसतं. दुसरं, दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत कापसाचा तंतू उडतो आणि जाळीच्या फिल्टरवर गोधडीसारखा थर चढतो. निघणारा, चुंबकाचा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या.

कार्ड आणि प्रोसेसर मी मुंबईहून आणला. रात्रीची विदर्भ एक्सप्रेस, मग ग्रँट रोड स्टेशनहून चालत लॅमिंग्टन रोड, तिथला कॉम्प्युटरचा बाजार. चार दुकानांत भाव विचारला. एक जण म्हणाला, “काका, बिल नको असेल तर कमी करतो.” १८ टक्के जीएसटी वाचतो हे खरं, पण वॉरंटीच्या वेळी सिरियल नंबर छापलेलं पक्कं बिलच मागतात. मी बिलावरचा नंबर डब्यावरच्या नंबराशी दुकानातच ताडून घेतला. माणूस जरा वैतागला.

जोडणी पोरीनं केली, व्हिडिओ बघून. प्रोसेसरच्या कूलरखालची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरतात, तिनं काढली. एवढं सगळं करून बटण दाबलं तर पडदा काळाच. आम्ही अर्धा तास रॅम काढ-घाल केली. शेवटी मी मागे टॉर्च मारला. एचडीएमआयची केबल मदरबोर्डला लागलेली, कार्डाची भोकं मोकळी. केबल खाली कार्डात लावली आणि लोगो आला. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सोय) चालू केलं, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रांगत बसते. मग गेम लावला.

“बाबा, फ्रेम दोनशे दाखवतंय पण चालतंय पहिल्यासारखंच,” ती म्हणाली. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर अजून साठ हर्ट्‌झवरच होता. तिनं तो १४४ वर केला. मी बाहेरच्या खोलीत जाऊन कूलरचं बटण दाबलं, मुद्दाम.