पहिला वर्कबेंच करताय? या चुका टाळा

रंधा ढकलला आणि बेंचही सोबत हलला, तर तुमचा निम्मा जोर फुकट गेला. पहिला बेंच करताना बहुतेक जण साग घ्यावा की बाभूळ, यातच अडकतात आणि पायांकडे दुर्लक्ष करतात. साध्या टेबलाला वरून आलेलं वजन पेललं की पुरतं. बेंचला आडवे धक्के सोसायचे असतात, तेही दिवसभर.

म्हणून चार पाय फळीला स्क्रूने जोडून मोकळे होऊ नका. रोजच्या कामात भोकं सैल होतात आणि बेंच डुलू लागतो. जमिनीपासून सहा-आठ इंचांवर चारही बाजूंनी आडव्या पट्ट्या हव्यात, कुसू-खाचेत, म्हणजे एका लाकडाचं तासलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत, घट्ट बसवलेल्या. खाच पाडणं जमत नसेल तर १० मिमीचे बोल्ट आणि रुंद वायसर घ्या. पुढे ढिले झाले तर पान्याने आवळता येतात. बेंच आधीच करून झालाय आणि लांबीत डुलतोय? मागच्या दोन पायांवर १२ मिमीच्या प्लायचा अख्खा तुकडा स्क्रूने बसवा. लगेच फरक पडतो.

एखादा पाय टेकत नसेल तर मात्र लगेच करवत उचलू नका. बेंच दुसऱ्या जागी सरकवून बघा. तिथे नीट बसला तर दोष फरशीचा, एक पाचर पुरे. तिथेही तोच पाय अधांतरी राहिला, तरच पायांना हात लावा.

उंची जेवणाच्या टेबलावरून घेऊ नका, कंबर धरते. ताठ उभे राहून हात सैल सोडा आणि मनगटाच्या घडीपर्यंतचं माप घ्या. साडेपाच फुटी माणसाला ते साधारण ३२-३३ इंच येतं. रंध्याचं काम जास्त असेल तर याहून थोडा खाली बरा, कारण अंगाचा भार रंध्यावर येतो. पाय आधी इंचभर लांबच ठेवा आणि आठवडाभर काम करून मग कापा.

आता पावसाळा. चिपळूणला माझ्या पहिल्या बेंचसाठी मी ऐन जुलैत वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या, फेव्हिकॉलने जोडल्या आणि फळ्यांना लागून खाली असलेल्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने करकचून आवळल्या. होळीपर्यंत मधोमध नाणं उभं शिरेल एवढी चीर पडली. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मी त्याला हलायला जागाच ठेवली नव्हती. आता पुढच्या काठाजवळची भोकं स्क्रूच्या मापाची ठेवतो, मागची लांबट करतो. फळ्याही मध्ये बारीक पट्ट्या घालून काही आठवडे कामाच्या खोलीत रचून ठेवतो. एवढा धीर नसेल तर १९ मिमीचे दोन प्लाय एकावर एक चिकटवा, ही कटकटच राहत नाही.

शिकंज्याचा, म्हणजे लाकूड पकडायच्या व्हाइसचा, आतला जबडा, पुढचे पाय आणि फळीचा काठ एका रेषेत हवेत, नाहीतर लांब फळी उभी धरताच येत नाही. फळीला लागून खाली ड्रॉवर नकोत. क्लॅम्प लावायला जागा उरत नाही.

वरून चकचकीत पॉलिश नको, काम घसरतं. जवसाचं तेल पुरे. पण तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात कधीही टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, मगच फेका.