समुद्रावरची वेल आणि बेळगावची बस

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी मर्यादवेल घेतली तेव्हा वर्गात हशा पिकला. खानापूर तालुक्यातली पोरगी, घराभोवती जांभा नि जंगल, आणि हिला पाहिजे समुद्रावरची वेल!

पहिल्या फेरीला सकाळी बेळगावहून निघाले. आंबोली घाट उतरून सावंतवाडी, तिथं गाडी बदलून शिरोडा. वाळूवर पोचले तेव्हा दीड वाजलेला. आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची वेल लांबवर पसरलेली, पण फुलं सगळी मिटून लोळागोळा. सकाळी उमलतं, दुपारी मान टाकतं, हे वहीत लिहिलेलं होतं. बसच्या वेळेशी ताडून बघायचं तेवढं राहिलं. परागीभवनावर काम करणार असाल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. (मासळीचं जेवण वरकड.)

सुकवून जपायच्या नमुन्यासाठी फूल तिथल्या तिथं कागदात दाबा. पिशवीतून घरी आणलंत तर ओला बोळा हाती येतो. पानं मांसल, त्यामुळे दाबायला घेतलेले जुने 'तरुण भारत'चे पेपर रोज बदलायचे. माझ्या नमुन्यांच्या पहिल्या सहा शीट बुरशीनं गेल्या. फुलाचा ताजा रंग आणि भरतीच्या रेषेपासूनचं अंतर लेबलवर जागेवरच लिहा.

नावाचा घोळ वेगळाच. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबईकडेच होतं, त्यामुळे कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे तिथल्या वनस्पतींची नोंद असलेल्या ग्रंथात (१९०१ ते १९०८), आपला जिल्हा नि कोकण एकत्र सापडतात. पण मर्यादवेल, शास्त्रीय नावानं आजची 'आयपोमिया पेस-काप्री', जुन्या नोंदींत शोधायची तर 'आयपोमिया बायलोबा' बघावं लागतं. माझे दोन दिवस यातच गेले.

खरी परीक्षा बियांनी घेतली. एका बोंडात चार बिया, अंगावर तपकिरी लव. तीन आठवडे पाणी घातलं, एक हलली नाही. अटेंडर काका ट्रेकडे बघून म्हणाले, "सत्ताव री." मेल्या म्हणे! सरांनी नेलकटर हातात दिला. कवचाचा टवका काढला, आतलं पांढरं दिसेपर्यंतच, आणि रात्रभर भिजवल्या. सकाळी बी फुगून दुप्पट, चौथ्या दिवशी कोंब.

कवच पाणी आत घेत नाही, म्हणूनच ही बी समुद्रात तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागते. हे स्वतः बघायला लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून टवका न काढलेल्या दहा बिया बरणीत सोडल्या. व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या दिवशी त्यातल्या सात अजून वरच होत्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे तक्ते बाजूला सारले आणि बरणी जवळ ओढली.