वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरचे उपचार ठरवण्याआधीची तयारी

पहिली तयारी फाइलची नाही. निवांत वेळी वडिलांजवळ बसा आणि विचारा, आजाराबद्दल सगळं ऐकायचंय का? काय गमावलेलं चालेल, काय मुळीच चालणार नाही? बोलणं, तोंडाने जेवणं, स्वतःचं स्वतः उरकता येणं, दुखणं नसणं, जास्त दिवस मिळणं: यांतला क्रम त्यांनीच लावायचा. तो त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. जिभेच्या ऑपरेशननंतर काही दिवस बोलणं अवघड जातं, कधी उच्चार कायमचे बदलतात. आम्ही आधी स्कॅनच्या मागे धावलो आणि हे सर्वांत शेवटी विचारलं. ती खंत अजून जात नाही.

मग कागद: बायोप्सीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरआयची सीडी, चालू गोळ्यांची नावं (रक्त पातळ करणाऱ्या विसरू नका), आणि सहा महिन्यांत किती वजन उतरलं.

डॉक्टरांना थेट विचारा, उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी? उत्तर मोघम आलं तर पुन्हा विचारा. चौथी स्टेज ऐकून धीर सोडू नका. तिच्यातही प्रकार आहेत, आणि काहींत ऑपरेशन होऊ शकतं. त्यानंतर बहुधा रेडिएशन असतं: आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे. रोज सोबत कोण जाणार, हे घरात आधीच ठरवा. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं असेल तर किडनी आणि ऐकू येणं तपासून घ्यावं लागतं. सत्तरीनंतर रेडिएशनला केमोची जोड देऊन होणारा फायदा कमी होत जातो, म्हणून ‘केमो नाही घेतली तर किती फरक पडेल?’ हे विचाराच. नुसत्या वयावरून नकार आला, तर त्यांचं चालणं, खाणं, स्मरण कसं आहे तेही सांगा.

रेडिएशनआधी दात दाखवा. काढायचे असतील तर दोनेक आठवडे आधी काढावे लागतात. नंतर काढले तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं होऊ शकतं. काही काळ नळीने जेवण द्यावं लागेल का, नाकातून की थेट पोटात, हेही विचारून घ्या.

दुखणं कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना पहिल्या आठवड्यातच भेटा. ही भेट म्हणजे हार नव्हे, उपचार चालू असतानाही ती घेता येते. आणि मोठे उपचार नकोत, असं वडील म्हणाले तर लगेच समजूत घालायला लागू नका. कारण विचारा. कधी ते खर्चाची किंवा तुमच्या धावपळीची काळजी असते, कधी खरोखरचा निर्णय.

भेटीत एकाने लिहून घ्यावं. पहिला प्रश्न वडिलांना विचारू द्या.