बीबीएफने पेरताय? आधी दाणा किती खोल पडतोय ते उकरून बघा

खरिपाच्या पेरणीला थोडेच दिवस उरलेत. बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडत पेरणारं यंत्र, भाड्याने सांगून ठेवलं असेल किंवा स्वतःचं दारात उभं असेल, तर एक काम आजच उरका. यंत्र जॅकवर उचला, चाक हाताने फिरवा आणि नळ्यांतून पडणारं बी तोलून बघा. पाऊस पडल्यावर कोणालाच वेळ नसतो, ट्रॅक्टरवाल्याला तर नाहीच नाही.

सोयाबीनची दुबार पेरणी झाली की दोष बियाण्याला जातो, नाही तर पावसाला. कधी तो दोष खराही असतो. पण मी जी जी शेतं उकरून पाहिली, त्यातल्या बऱ्याच शेतांत दाणा जास्त खोल गेलेला होता. एका शेतात आठव्या दिवशी गेलो. दोन ओळी हिरव्या, तिसरी तुरळक, चौथी कोरी. पेचकसाने माती खरवडत गेलो, तर तिसऱ्या ओळीत दाणा चार बोटं खाली सापडला. कोंब निघाला होता, पण वरच्या खपलीखाली वाकून त्याची मान मोडली होती. चौथ्या ओळीत दाणाच नव्हता. यंत्र पाहिलं, तर त्या नळीच्या तोंडात वाळलेल्या मातीचा बूच बसलेला. पेरणी झाल्यावर बियाणं उरलं होतं, आणि ते का उरलं हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही.

सोयाबीनचा दाणा 3 ते 4 सेंटिमीटरवर पडावा, म्हणजे दोन बोटं. 5 सेंटिमीटर ही शेवटची हद्द. हे पीक डाळिंब्या वर घेऊनच जमिनीबाहेर येतं, त्यामुळे खोल गेलेल्या दाण्याला वरची माती फोडायला जोर पुरत नाही. त्यात पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन खपली धरली, की उगवण गेलीच.

रुंद वरंबा सरी पद्धत चांगलीच आहे. काळ्या जमिनीसाठी इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने हैदराबादजवळ पाटनचेरूला 1970 च्या दशकात यावर बरंच काम केलं. पाऊस धो धो आला तर सऱ्या पाणी बाहेर काढतात, आणि उघडीप पडली तर सरीत मुरलेली ओल पिकाला धरून ठेवते. हल्ली एकाच हंगामात दोन्ही बघावं लागतं, म्हणून हे यंत्र हवंच. पण खोलीची गडबड याच यंत्रात सहज होते. सरी पाडणारे फाळ आणि पेरणीचे फण एकाच सांगाड्यावर असतात. सरी खोल व्हावी म्हणून ड्रायव्हर हायड्रॉलिक खाली सोडतो, आणि सरीबरोबर बीही खाली जातं. सरी खोल हवी असेल तर फाळ खाली घ्या आणि फणांचे क्लॅम्प सैल करून फण वर उचला. टॉप लिंकने सांगाडा सपाट करा, नाही तर पुढचे फण एका खोलीवर आणि मागचे दुसऱ्याच खोलीवर चालतात.

आता बी मोजायचं. बीबीएफवर सोयाबीनचं बियाणं हेक्टरी 50 ते 55 किलो पुरतं. समजा, चाकाचा घेर दीड मीटर आहे आणि एका फेरीत 2 मीटर पट्टा पेरला जातो. चाकाचे 20 फेरे म्हणजे 30 मीटर लांबी, 60 चौरस मीटर क्षेत्र. हेक्टरी 55 किलोच्या हिशेबाने तेवढ्यात 330 ग्रॅम बी पडायला हवं. चार नळ्या असतील तर प्रत्येकीखाली पिशवी बांधा, दर पिशवीत साधारण 82 ग्रॅम यावं. एखादी पिशवी हलकी भरली तर तीच नळी शेतात नांग्या, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा, पाडणार. तुमच्या यंत्राचा घेर आणि पट्टा टेपने मोजून आकडे बदलून घ्या.

हे मोजमाप बीजप्रक्रिया केलेल्या बियाण्यावरच करा. औषध लावलेला दाणा चिकटतो आणि बी सोडणाऱ्या तबकडीतून सावकाश सरकतो. कोरड्या बियाण्यावर जमवलेलं माप पेरताना हमखास कमी पडतं, हा माझा अनुभव आहे. ओल जास्त असेल तर चाक घसरतं आणि तेवढ्या अंतरात बी पडतच नाही. म्हणून मूठभर माती दाबून बघा. लाडू होऊन हाताला चिकटत असेल तर वापसा आलेला नाही, थांबा.

बाकीची कामं, नेहमीचीच:

- उगवणक्षमता घरी तपासा. 100 पैकी निदान 70 दाणे उगवायला हवेत
- बीजप्रक्रिया: कार्बोक्सिन 37.5 टक्के + थायरम 37.5 टक्के, 3 ग्रॅम प्रति किलो. मग थायामिथोक्झाम 30 एफएस, 10 मिली प्रति किलो. शेवटी रायझोबियम आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारी) ही जिवाणू खतं
- बियाणं सावलीत सुकवा, घासू नका. साल पातळ असते
- 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
- खत नत्र-स्फुरद-पालाश 30:60:30 किलो प्रति हेक्टर. खत दाण्याला चिकटून पडू देऊ नका
- पेरणी उताराला आडवी. सऱ्यांचं पाणी बाहेर पडायला वाट ठेवा

दुकानात गेलात की टॉनिक, ह्युमिक, "उगवण वाढवणारं" द्रावण पुढे येतंच. चार बोटं खोल गेलेला दाणा कुठल्याही बाटलीने वर येत नाही. यंत्र विकणाराही बी पडतंय का ते दाखवणारा सेन्सर गळ्यात मारायला बघेल. सेन्सर वाईट नाही, पण खोली तो दाखवत नाही. ते पैसे आधी झिजलेल्या तबकड्या आणि फणांची टोकं बदलण्यात घाला.

पेरणीच्या दिवशी घरातलं एक माणूस यंत्राच्या मागे चालतं ठेवा. हातात पट्टी आणि पेचकस असू द्या. पहिली 20 मीटर पेरून झाली की ट्रॅक्टर थांबवा आणि प्रत्येक ओळीत दोन-तीन ठिकाणी उकरा. दाणा दोन बोटांवर आहे का बघा, मीटरभर ओळीत 20 ते 23 दाणे पडलेत का मोजा. मग दर चार-पाच फेऱ्यांना नळ्यांची तोंडं बघत राहा. वेग ताशी 4-5 किलोमीटरच्या वर जाऊ देऊ नका. ड्रायव्हर पुढच्या शेताची घाई करेल, तरी उकरून झाल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देऊ नका.

रात्री दिव्यावर पेरायची पाळी आली तर नळीत बसलेला चिखल दिसत नाही. तेव्हा प्रत्येक वळणावर यंत्र उचलून चाक हाताने फिरवा आणि चारही नळ्यांखाली तळहात धरून दाणा पडतोय का ते बघा.