अल्झायमरमध्ये मेंदूतल्या पेशी एकमेकींना काय सांगतात हे शोधायचं असेल तर

आधीच सांगतो, "मला सगळ्या पेशींचं नातं बघायचंय" असा प्रोजेक्ट घेऊन बसू नका, दोन वर्षं जातील आणि हातात फक्त रंगीत बाणांचं जाळं राहील. एकच जोडी धरा. मायक्रोग्लिया-न्यूरॉन किंवा मायक्रोग्लिया-ॲस्ट्रोसाइट, बास (मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, ॲस्ट्रोसाइट म्हणजे न्यूरॉनला आधार देणाऱ्या). मायक्रोग्लिया मी मुद्दाम पुढे करतोय, कारण अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या बऱ्याच जीन्स मेंदूत याच पेशींमध्ये जास्त चालू असतात, ट्रेम टू ही जीन हे ठळक उदाहरण.

लॅब नसली तरी सुरुवात होते. दान केलेल्या मेंदूंचा सिंगल न्यूक्लियस आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा आहे, म्हणजे एकेका पेशीच्या केंद्रकात कोणत्या जीन्स चालू आहेत याची नोंद; ॲलन इन्स्टिट्यूटचा सी-एडी ऑनलाइन उघडून बघता येतो, रोजमॅप या दुसऱ्या अभ्यासाच्या मूळ डेटासाठी मात्र अर्ज करावा लागतो. आता अख्खी पेशी सोडून नुसतं केंद्रक का, तर गोठवलेल्या टिश्यूत पेशी फुटतात, केंद्रक टिकतं. पण यात एक गोम आहे, मायक्रोग्लिया मुळात थोड्या मिळतात आणि त्या भडकल्यावर वाढणाऱ्या काही जीन्स केंद्रकात नीट दिसतच नाहीत, त्यामुळे "इथे काही घडत नाहीये" असं लिहायची घाई नको. दुसरं म्हणजे २० माणसांचे ८०,००० केंद्रक असले तरी तुमचा एन (नमुन्यांची संख्या) २०च. दर माणसाची बेरीज करून मगच तुलना करा, नाहीतर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) इतकी सुंदर येईल की तुम्हालाच खरी वाटेल.

मग सेलचॅट किंवा सेलफोनडीबी चालवा, ही पेशींमधला संवाद शोधणारी सॉफ्टवेअर आहेत. हे टूल एवढंच बघतं की एका पेशीत सिग्नलचा आरएनए आहे आणि दुसरीत त्याचा रिसेप्टर (सिग्नल पकडणारं प्रोटीन). प्रोटीन बनलं का, दोघी जवळ होत्या का, याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून यातून फक्त दोन-तीन संशयित उचला आणि टिश्यूत जाऊन बघा, साधं अँटिबॉडी स्टेनिंग, प्लाकभोवती (अमायलॉइड प्रोटीनच्या साठ्यांभोवती) आयबीए-वन (मायक्रोग्लियाची खूण), जीएफएपी (ॲस्ट्रोसाइटची खूण) आणि तुमचा संशयित. व्हिजियम या टिश्यूतली जागा धरून आरएनए मोजणाऱ्या तंत्राचा स्पॉट ५५ मायक्रॉनचा असतो, त्यात अनेक पेशी एकत्र येतात, त्यामुळे "कोणी सांगितलं" हे त्याच्यावरून ठरवू नका.

खरी मजा कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींत. मायक्रोग्लियाला अमायलॉइड द्या, २४ तासांनी वरचं मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो द्रव) काढा, न्यूरॉनवर घाला. न्यूरॉन मेले की सगळे खूश होतात, पण थांबा, मीडियममध्ये उरलेल्या अमायलॉइडनेच मारलं असेल तर? म्हणून पेशी नसलेल्या रिकाम्या प्लेटमध्येही तेच अमायलॉइड तेवढाच वेळ ठेवा आणि तेही न्यूरॉनवर घालून बघा. हा कंट्रोल लोक सर्रास विसरतात. ॲस्ट्रोसाइट वापरत असाल तर सीरमपासून (रक्तातून काढलेला द्रव) जपा, सीरममध्ये वाढलेल्या ॲस्ट्रोसाइट आधीच चिडलेल्या असतात, माझी एक अख्खी बॅच यात वाया गेली.

पुरावा कसा द्यायचा हे २०१७ च्या एका कामातून शिका. मायक्रोग्लियातून येणारे आयएल-वन अल्फा, टीएनएफ आणि सी-वन-क्यू हे तिन्ही सिग्नल एकत्र दिल्यावर ॲस्ट्रोसाइट बिघडल्या, आणि हे तिन्ही नसलेल्या उंदरांना एलपीएस (दाह भडकवणारा बॅक्टेरियाचा रेणू) टोचलं तरी त्या तशा बिघडल्या नाहीत. म्हणजे देऊनही दाखवलं आणि काढूनही. तुमच्या सिग्नलचंही दोन्ही बाजूंनी व्हायला हवं.

स्पर्श लागतो का हे बघायला ट्रान्सवेल (बारीक छिद्रांच्या पडद्याने दोन कप्पे केलेली प्लेट) वापरा, ०.४ मायक्रॉनच्या छिद्रांतून रेणू जातात, पेशी नाही. मायक्रोग्लिया सायनॅप्स (न्यूरॉनमधले जोड) गिळतात तिथे स्पर्श हवाच, तिथे हे उपयोगाचं नाही.

उंदरांचं थोडक्यात. फाइव्ह-एक्सएफएडी या अल्झायमरच्या उंदीर-मॉडेलमध्ये अमायलॉइड साधारण दोन महिन्यांतच साठायला लागतं पण टाऊ या दुसऱ्या प्रोटीनच्या गाठी होत नाहीत, त्यामुळे टाऊचा प्रश्न असेल तर दुसरं मॉडेल घ्या. पीएलएक्स-५६२२ हे औषध खाण्यातून देऊन मायक्रोग्लिया घालवता येतात, पण प्लाक व्हायच्या आधी घालवल्या की नंतर, यावर उत्तर बदलतं, तेव्हा दोन्ही वयांचे उंदीर ठेवा. आणि सायनॅप्स मोजताना स्लाइडवरची नावं दुसऱ्या कोणाकडून तरी झाकून घ्या.