लाल डावीकडे, पण कुठे जाताना?

होडी चालवायला शिकायला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी बोयांचे, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचे, रंग पाठ केले. लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. पाठांतर पक्कं होतं, म्हणून बंदरातून बाहेर पडताना सुकाणू हातात आल्यावर पहिला लाल बोया मी बिनधास्त डाव्या हाताला ठेवला. थोड्याच वेळात खोली दाखवणारा आकडा भराभर उतरू लागला. प्रशिक्षकांनी इंजिन मंद करायला लावलं आणि शांतपणे विचारलं, "आपण आत येतोय की बाहेर निघालोय?"

तो प्रश्न अजूनही प्रत्येक बोया दिसला की मी स्वतःला विचारते. मी पाठ केलेला नियम समुद्राकडून बंदराकडे येणाऱ्यासाठी आहे. बाहेर जाताना तोच लाल उजवीकडे राहायला हवा. शिवाय हे रंग जगभर सारखे नाहीत. उत्तर आणि दक्षिण अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स इथे आत येताना लाल उजवीकडे असतो. आकार मात्र दोन्हीकडे तेच: डाव्या बाजूला डब्यासारखा, उजव्या बाजूला शंकूसारखा. ऊन समोरून येत असलं की लाल काय नि हिरवा काय, सगळे बोये काळेच दिसतात. अशा वेळी आकारच उपयोगी पडतो, त्यामुळे नवशिक्यांनी रंगाइतकंच लक्ष आकाराकडे द्यावं असं मला मनापासून वाटतं.

पूर्वी तर जगात तीसहून जास्त पद्धती होत्या. जानेवारी १९७१ मध्ये इंग्लिश खाडीत 'टेक्साको कॅरिबियन' हे तेलवाहू जहाज टक्कर होऊन बुडालं. दुसऱ्याच दिवशी 'ब्रांडेनबुर्ग' त्या अवशेषांवर आदळून बुडालं. त्यानंतर तिथे खुणा लावल्या, तरी फेब्रुवारीत 'निकी' हे जहाजही तिथेच बुडालं. अशा अपघातांनंतर एकच पद्धत ठरवण्याच्या कामाला वेग आला आणि १९८० मध्ये आजच्या नियमांवर एकमत झालं.

मला सगळ्यात जड गेले ते काळे-पिवळे, दिशादर्शक बोये. उत्तरेचा बोया म्हणजे 'माझ्या उत्तरेला सुरक्षित पाणी आहे, तिकडून जा.' म्हणजे होकायंत्राशिवाय या बोयाचा काही उपयोग नाही. त्याच्या डोक्यावर दोन काळे शंकू असतात. उत्तरेला दोन्हींची टोकं वर, दक्षिणेला दोन्हींची खाली. पूर्वेला शंकूंचे तळ समोरासमोर, म्हणजे पत्त्यातल्या चौकटीसारखा आकार. पश्चिमेला टोकाला टोक, म्हणजे चक्क डमरू. टोकं जिकडे वळलेली, तिकडे बोयावर काळा रंग: उत्तरेला वर, दक्षिणेला खाली, पूर्वेला वर आणि खाली, पश्चिमेला मध्ये. हे एकदा लक्षात आलं आणि माझं पाठांतर संपलं.

रात्री यातलं काहीच दिसत नाही, उरतो फक्त लुकलुकणारा पांढरा दिवा. तेव्हा डोळ्यांसमोर घड्याळ आणायचं. पूर्वेला तीन झपके, दक्षिणेला सहा, पश्चिमेला नऊ, उत्तरेला न थांबता एकसारखे. लाटांवर होडी डोलत असताना मोजणी चुकतेच. पहिल्या रात्री मला एकाच दिव्याचे एकदा पाच झपके दिसले, एकदा सात. म्हणूनच दक्षिणेच्या सहा झपक्यांमागे एक लांब झपका जोडलेला असतो. तो दिसला की शंका उरत नाही. तरीही झपक्यांच्या एका फेरीवर विश्वास ठेवू नका. स्टॉपवॉच घेऊन निदान तीन फेऱ्या मोजा आणि चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, लिहिलेल्या सेकंदांशी ताडून पाहा.

बाकीच्या खुणा सोप्या आहेत. काळ्या बोयावर लाल पट्टे आणि डोक्यावर दोन काळे गोळे असले तर खाली धोका आहे पण भोवती पाणी मोकळं आहे. याच्या दिव्याचे झपके दोन-दोनच्या जोडीने येतात. लाल-पांढरे उभे पट्टे आणि एक लाल गोळा म्हणजे चहूबाजूंनी सुरक्षित पाणी. पूर्ण पिवळा बोया खास क्षेत्राचा असतो; ते क्षेत्र कसलं, हे चार्टवर बघा. निळे-पिवळे उभे पट्टे दिसले तर मात्र लांबच राहा, तिथे नुकतंच काहीतरी बुडालेलं असतं.

बोया साखळीने बांधलेला असतो आणि भरती-ओहोटीबरोबर फिरतो. वादळात तो जागेवरून सरकू शकतो, दिवा विझू शकतो. खोलीचा आकडा, चार्ट आणि बोया यांपैकी एकाचं जरी इतरांशी जुळलं नाही, तर वेग कमी करून थांबा. आणि बोयाला होडी कधीही बांधू नका. दोर आणि होडीमुळे त्याची खूण झाकली गेली तर मागून येणारा फसेल.

निघण्यापूर्वी मी वाटेतले बोये क्रमाने कागदावर लिहून काढते: रंग, आकार, दिवा आणि तो माझ्या कोणत्या हाताला राहणार. परतीच्या वाटेसाठी दुसरा कागद नव्याने लिहिते.