फायबर लेझरची प्रोटेक्टिव्ह काच बदलताना

कालपर्यंत स्वच्छ कापणारं मशीन आज त्याच सेटिंगवर खालून बर (कापलेल्या कडेला चिकटलेला खरखरीत धातू) सोडतंय, तर पॉवर वाढवू नका. आधी प्रोटेक्टिव्ह काच बघा, म्हणजे फोकस लेन्स वाचवायला तिच्याखाली बसवलेली काच. पिअर्सिंगचा (पत्र्याला पहिलं भोक पाडतानाचा) एखादा शिंतोडा काचेवर बसला की तिथे बीम शोषला जातो, काच तापते आणि फोकस सरकतो. तसंच रेटलं तर काच तडकते आणि धूर थेट फोकस लेन्सवर जातो. ती लेन्स काचेपेक्षा कितीतरी महाग.

लेझर बंद करून चावी काढा, पंखाही बंद करा. कटिंग हेड बाहेरून आयपीए (आयसोप्रोपाइल अल्कोहोल) लावलेल्या कापडाने पुसा, मगच काचेचा ड्रॉवर ओढा आणि उघडी फट लगेच स्वच्छ टेपने झाका. ही टेप बहुतेकजण विसरतात, आणि धूळ नेमकी तेव्हाच आत शिरते.

काच टॉर्चखाली तिरकी धरा. नुसती धूळ असेल तर ९९ टक्के आयपीए लावलेला नवा स्वॅब मधून कडेकडे एकदाच फिरवा. काळा ठिपका पुसून जात नसेल तर काच टाकून द्या. सील रिंग चपटी झाली असेल तर तीही बदला. कॉम्प्रेसरची हवा काचेवर मारू नका, तिच्यात तेल असू शकतं.